भाव विचारण्याआधी

होळी उलटली की नगर जिल्ह्यात घरोघरी एक विषय निघतो: यंदा ज्वारी कुठून भरायची? कुणाची सासुरवाडी जामखेडकडची असते, कुणाचा मामा कर्जतचा, कुणाच्या ऑफिसात श्रीगोंद्याहून पोतं आणून देणारा एखादा सहकारी असतो. ज्याचं असं कुणी नाही तो नगरच्या आडते बाजाराची वाट धरतो, नाहीतर जवळच्या आठवडे बाजाराची. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्या चोंडी गावात १७२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला, ते जामखेड तालुक्यातलं, सीना नदीच्या काठचं आणि ज्वारीच्याच मुलखातलं. पाट्यांवरचं नाव बदललं, पण ‘जामखेडची ज्वारी’ म्हटलं की गिऱ्हाइकाचे कान अजून तसेच टवकारतात.

ही खरेदी एरवी दहा मिनिटांत उरकते. भाव विचारायचा, दोन रुपये तोडून घ्यायचे, पोतं गाडीवर टाकायचं. आज तीच खरेदी सावकाश करू. त्यासाठी बाजारात जायलाच हवं असं नाही. घरात ज्वारी असेल तर मूठभर ताटलीत काढून समोर ठेवा, नसेल तर डोळ्यांपुढे आणा. जिथे ‘थांबा’ म्हटलंय तिथे खरंच वाचणं थांबवा, दोनचार श्वास जाऊ द्या आणि मग पुढे चला. अट एकच. भाव सगळ्यात शेवटी विचारायचा.

पोत्यापुढे

दुकानाच्या फळीपुढे पोती मांडली आहेत. तोंडं बाहेरच्या अंगाला दुमडलेली, मधे दाण्याचा उंचवटा, त्यात खोचलेली पुठ्ठ्याची पाटी. मालदांडी. मालदांडी एक नंबर. बार्शी. कोपऱ्यात हायब्रीड. डोळे आपोआप पाटीवरच्या आकड्याकडे जातात. जाऊ द्या, आणि मग सावकाश खाली दाण्यावर आणा.

मनाशी पहिला प्रश्न विचारा: ही आली कुठून?

क्षेत्रफळाने नगर हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर उंच. तिथे पाऊस कोसळतो. तेच ढग सह्याद्री ओलांडून पूर्वेला येईतो हलके झालेले असतात. उत्तरेकडच्या तालुक्यांना प्रवरा नदीने हात दिला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पाटाच्या पाण्यावर ऊस आला, आणि १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. दक्षिणेचे कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव हे तालुके मात्र बराच काळ आभाळाकडे बघतच जगले. त्यांच्याकडे होती ती काळी जमीन, आणि त्या जमिनीचा एक मोठा गुण: ती ओल धरून ठेवते.

रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हस्ताचा पाऊस बघून, वाफशावर तिची पेरणी होते. त्यानंतर तिच्या वाट्याला पाऊस फारसा येत नाही. थंडी येते, धुकं येतं, पहाटेचं दव येतं. पीक चार महिने खाली मुरलेलं पाणी ओढत उभं राहतं. पोटऱ्यात येतं, निसवतं, दाणा दुधात येतो, हुरड्यात येतो आणि शेवटी टणक होतो. जानेवारीत गोवऱ्यांच्या आरात भाजलेला हुरडा खायला शहरातून गाड्या भरून माणसं येतात, ती ह्याच दाण्याला मधल्या वाटेवर भेटून जातात.

समोरच्या दाण्याकडे बघत एवढंच मनात धरा: हा जवळजवळ सगळा पाऊस संपल्यावर वाढला आहे. साठवलेल्या पाण्यावर.

थांबा.

मूठ

आता हात पोत्यात घाला. वरची मूठ घेऊ नका, वरचा थर दाखवायचा असतो. बाही मागे सारा आणि हात कोपरापर्यंत खाली जाऊ द्या. आत गारवा आहे. दाणा नीट वाळलेला असेल तर बोटांमधून सरसर निसटतो. दमट असेल तर तळव्याला चिकटतो, मुठीत दबल्यासारखा लागतो. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला प्रत्येक पोत्यात हात घालायला वेळ नसतो. तो पोकळ, टोकदार सळई पोत्याच्या कुशीत खुपसतो आणि आतला नमुना तळहातावर घेतो. त्यालाही वरच्या थरावर विसंबायचं नसतं.

मूठ वर आणा, पण उघडू नका. वजन जाणवू द्या.

मालदांडी ज्वारीचे शंभर दाणे साधारण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर भरतात. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर तिच्यात दीड हजाराच्या आसपास दाणे आले. दळले तर त्यांची जेमतेम अर्धी भाकरी होईल. आता हिशेब उलटा मांडा. रब्बी ज्वारीला एकरी चार किलो बियाणं पुरतं. पन्नास ग्रॅम हा त्याचा ऐंशीवा भाग, आणि एकर म्हणजे चाळीस गुंठे. तुमच्या मुठीत अर्ध्या गुंठ्याची पेरणी आहे. पाचशे चौरस फुटांहून थोडी जास्त जमीन, शहरातल्या लहानशा फ्लॅटएवढी. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर ह्याच मुठीचे पुढच्या फेब्रुवारी-मार्चात सहा किलो होतात.

अर्धी भाकरी, नाहीतर सहा किलो. शेतकऱ्याच्या घरात दरवर्षी कुणीतरी कणगीपुढे उभं राहून हा निर्णय घेत आलं आहे. खायचं किती, ठेवायचं किती. टंचाईच्या वर्षात हा निर्णय किती जड जात असेल, त्याचा विचार करा. बियाण्याचं गाठोडं आढ्याला टांगलेलं आहे आणि खाली पोरं भुकेली आहेत. तरीही गाठोडं सुटलं नाही, अशी कित्येक घरं होऊन गेली. ती तशी वागली म्हणून आज हे पोतं इथे आहे.

मूठ अजून मिटलेलीच ठेवा. थांबा.

डाग

आता उघडा. तळहात उजेडाकडे करा आणि दाणे अंगठ्याने एका थरात पसरवा.

ज्वारी घेताना आपले डोळे खोट शोधत फिरतात. शोधू द्या, पण एक जोड द्या. डाग दिसला की तो कशाने पडला, हे विचारा. मुठीतला प्रत्येक दोष गेल्या चार महिन्यांतली कुठली तरी गोष्ट सांगतो.

हा दाणा बघा. टपोरा, पिवळसर झाक असलेला, अंगावर तजेला. ह्याच्या मुळांना शेवटपर्यंत ओल मिळाली आणि भरताना थंडी टिकली. त्याच्या शेजारचा लहान आहे, पोटात चेपलेला. त्याच्या वाट्याची ओल लवकर संपली. भेगाळलेल्या जमिनीत मुळं तुटतात, ताटं बुडातून पोकळ होतात आणि वाऱ्याच्या एका झोताने लोळतात. शेतकरी त्या रोगाला खडखड्या म्हणतो. लोळलेल्या ताटावरचा दाणा भरत नाही, तो असा हलका राहतो.

ह्या तिसऱ्याच्या टोकाशी काळा ठिपका आहे. कणीस तयार होऊन उभं असताना त्यावर पाणी पडलं. काढणीच्या तोंडावर येणारा अवकाळी पाऊस म्हणजे घास तोंडाशी आलेला असताना बसलेला फटका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा उभी रब्बी पिकं आडवी झाली होती. काळ्या पडलेल्या ज्वारीला खायचं गिऱ्हाईक मिळत नाही. ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते, जनावरांपुढे जाते, दारूच्या भट्टीला जाते. तुमच्या तळहातावरचा हा एक ठिपका कुणाच्या तरी अख्ख्या वर्षाच्या हिशेबात कुठे पडला असेल, याचा अंदाज करा.

एखादा दाणा दाबला की आत काळी भुकटी निघते. ती काणी, बियाण्याबरोबर आलेली. पेरण्याआधी बियाण्याला गंधक चोळलं असतं तर ती टळली असती. एखाद्या दाण्याला बारीक भोक आहे. तो शेतातून धडधाकट निघाला होता, त्याला सोंड्याने गोदामात गाठलं.

जे दाणे मुठीत नाहीत त्यांचाही विचार करा. थंडीत भोरड्यांचे थवे येतात, एका वळणात शेकड्यांनी उतरतात आणि शेताचा एक कोपरा रिता करून उडतात. त्यांच्यासाठी मचाण असतं, गोफण असते, पत्र्याचा डबा बडवत धावणारी पोरं असतात. तरीही पाखरांचा वाटा पाखरं घेतातच. जुन्या माणसांनी तो हिशेबात आधीच धरलेला असतो.

आता एक दाणा दाताखाली घ्या. कट्ट आवाज झाला तर तो वाळलेला आहे. नुसताच चेपला तर त्याला अजून ऊन हवं. चावून बघा. थोडा वेळ काहीच लागत नाही, मग जिभेवर अगदी पुसटशी गोडी येते. ती गोडी जाईपर्यंत पुढे वाचू नका.

माप

आठवडे बाजाराकडे वळू. काष्टीचा शनिवार आणि घोडेगावचा शुक्रवार जनावरांच्या बाजारासाठी लांबलांब माहीत आहेत, पण गावोगावच्या अशा बाजारांत कडेला गोणपाटावर अर्धं पोतं घेऊन एखादी आजी बसलेली असते. तिच्यापुढे पाटी नसते. तिच्याकडून ज्वारी घ्यायची तर बोलावं लागतं.

“आजी, कुठली ज्वारी?”

“घरची हाये बाबा. आपल्याच रानातली.”

“पाऊस लागलाय का हिला?”

“लागला असता तर हितं आणली असती व्हय? म्हसराला घातली असती.”

वीस वर्षांपूर्वी ह्या उत्तराला कुणी लेखी हमी मागितली नसती, आजही मागत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं आणि दाण्याकडे बघायचं. दोन्हींचं जमलं तर माप घालायला सांगायचं.

मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८ पासून लागू झाली, आणि काटा आता सगळीकडे आहे. तरी खेड्यातल्या बोलण्यात पायली गेलेली नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पायलीचं किलोत वजन गावागावांत थोडं इकडेतिकडे होतं. ज्वारीची पायली चार किलोच्या आसपास धरतात, म्हणजे एक पायली ज्वारी एक एकर पेरते.

मापाची एक गंमत आहे. पायली आकार मोजते, वजन मोजत नाही. पोकळ, सुरकुतलेल्या दाण्यानेही ती भरते, पण उचलल्यावर हाताला हलकी लागते. म्हणून जाणकार बाई माप भरलं की ते एकदा स्वतःच्या हातात तोलून बघते. काटा वजन सांगतो, माप आकार सांगतं, आणि दोन्ही मिळून दाणा कसा भरलाय ते कळतं.

आता मोजणाऱ्या हाताकडे लक्ष द्या. पायली ढिगात खुपसली, भरली, वर उचलली. कडेवरून दाणे ओघळले आणि टोक तयार झालं, ती शीग. सपाट माप घ्यायचं की शिगेचं, हे आधीच ठरलेलं असतं. पहिलं माप ओतताना तोंडातून ‘एक’ निघत नाही, ‘लाभ’ निघतो. मग दोन, मग तीन. शेवटचं माप पडलं की त्यावर एक मूठ वरून येते, न मागता. त्या मुठीचे पैसे धरायचे नसतात. ती ज्या सहजपणे पडते, तो सहजपणा जरा वेळ पाहत राहा.

रिकामं पोतं

इथे एक अवघड टप्पा आहे. ज्याला नको वाटेल त्याने तो सोडून पुढे जावं.

समोरची सगळी पोती रिकामी आहेत, अशी कल्पना करा. पाट्या आहेत, दुकानदार आहे, तुमच्या खिशात पैसेही आहेत. दाणा नाही.

ह्या जिल्ह्याने हे पाहिलेलं आहे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खन होरपळली. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच काळात दुष्काळी काम म्हणून बांधला गेला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. आज आपण त्या गाडीत खिडकीची जागा धरतो. तिच्या रुळाखालची माती उपाशी माणसांनी वाहिली आहे.

मग १९७२. ज्यांनी ते साल पाहिलं अशी माणसं अजून आपल्या घरांत आहेत. पाऊस गेला, रब्बी गेली, विहिरी आटल्या. दुष्काळी कामांवर खडी फोडायला, नालाबंडिंगला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला माणसं गेली. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो, लाल ज्वारी, मिळायची. कामावर सुकडी मिळायची. मिलोच्या भाकरीचा रंग आणि चव सांगताना त्या पिढीचा आवाज आजही बदलतो. तिला नावं ठेवणारेही शेवटी म्हणतात, तिच्यावरच जगलो.

घरात असं कुणी असेल तर आज त्यांच्याजवळ बसा आणि मिलोबद्दल विचारा. ताटाबाहेर पडलेला भाकरीचा तुकडा ते न बोलता उचलून तोंडात का टाकतात, हे मग वेगळं विचारावं लागणार नाही.

आता पोती पुन्हा भरलेली बघा. थांबा.

भाव

आता विचारा.

दुकानदार आकडा सांगेल. तो ऐकून लगेच काही बोलू नका. आधी त्या आकड्यात कायकाय आहे ते पाहू.

२०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये ठरवला होता. किलोला चौतीस रुपये आणि काही पैसे. निवडक मालदांडी दुकानात याहून बरीच महाग पडते, आणि अलीकडे बऱ्याच वर्षी ती गव्हाच्याही वर असते. आमच्या आजी-आजोबांच्या काळात पोळी सणाला आणि पाहुण्याला होती, भाकरी रोजची होती. आता भाकरी हॉटेलच्या पाटीवर ‘स्पेशल’ म्हणून येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, त्यानंतर शहरात ज्वारीला आणखी मान आला. मान येऊनही रान मात्र वाढत नाही. त्याचं कारण त्या आकड्याच्या पलीकडच्या बाजूला आहे.

ज्वारी काढायची म्हणजे ताटं उपटायची. कडबा लांब आणि अखंड मिळावा म्हणून मुळासकट, हाताने, एकेक. जमीन वाळून दगड झालेली असते. पानांच्या कडा हात कापतात, कूस अंगाला खाजते, वरून ऊन लागतं. मग ताटं पसरवून वाळवायची, कणसं मोडायची, मळायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या, बुचाड रचायचं. ह्या कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी धान्याच्या पैशाला भिडते. कित्येकदा शेतकऱ्याला शेवटी तारतो तो कडबाच. दूधधंद्याच्या ह्या जिल्ह्यात कडब्याला गिऱ्हाईक असतं, आणि ज्वारी पेरणारा दाण्याइतकाच गोठ्याचा विचार करून पेरतो.

आणि त्याला दुसऱ्या वाटा आहेत. पाणी असलं की कांदा. कांद्यात घर बांधलेलेही आहेत आणि घर विकलेलेही, पण आशा आहे. पाणी कमी असलं की हरभरा. तो लवकर निघतो, यंत्राने काढता येतो. कालव्याचं पाणी पोचलं की ऊस. ह्या सगळ्यांशी तुलना करून कुणीतरी ऑगस्टच्या अखेरीला ठरवतो की चार एकरांतल्या दीड एकरात ज्वारीच टाकू. घरच्या खाण्यापुरती आणि जनावरांपुरती, वर उरली तर विकू. बाजारात येणाऱ्या ज्वारीचा बराच भाग असा ‘वर उरलेला’ असतो.

बियाण्याच्या बाजूने मात्र काम झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं ह्याच जिल्ह्यात झालं आहे. मालदांडी ३५-१ ही निवड सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रातली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं आणि खरिपाची हायब्रीड ज्वारी भरघोस पिकू लागली, पण पावसात सापडून काळी पडायची, आणि भाकरीच्या बाबतीत लोकांनी तिला कधी मनापासून आपलं म्हटलं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे रब्बीसाठी जमिनीप्रमाणे वाणं दिली. हलक्या रानाला फुले अनुराधा आणि फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा आणि फुले यशोदा, पाण्याखाली फुले रेवती. हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी. दुकानात यातली बहुतेक ‘मालदांडी’ ह्या एकाच पाटीखाली विकली जातात, कारण गिऱ्हाईक दुसरं नावच विचारत नाही.

आता तो आकडा पुन्हा ऐका. शंभर ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर एका क्विंटलच्या हजार भाकऱ्या होतात. भाव किलोला पन्नास असला तर भाकरीला पाच रुपये, साठ असला तर सहा. किलोमागे दोन रुपये तोडून घेतले तर भाकरीमागे वीस पैसे वाचतात. तोडायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. वीस पैसे हा आकडा मात्र डोळ्यांपुढे ठेवून ठरवावं.

घरी

पोतं घरी आलं. गच्चीवर चादर पसरा, दोन दिवस कडक ऊन द्या आणि सावलीत निवू द्या. चाळा, पाखडा, निवडा. निवडताना मोबाइल दूर ठेवा. मघाशी मुठीत पाहिलेली सगळी मंडळी इथे पुन्हा भेटतील: सुरकुतलेला, ठिपक्याचा, काणीचा. हात आपोआप चालू लागतील. मन भटकलं तर त्याला पुढच्या दाण्यावर परत आणायचं, एवढंच करायचं. ज्यांना डोळे मिटून बसणं जमत नाही त्यांच्यासाठी हे बरं साधन आहे. शेवटी निवडलेली ज्वारीही पदरात पडते.

देशावरच्या गावांत पूर्वी ज्वारी पेवात ठेवत, जमिनीत खोल खणलेल्या, तोंड मातीने लिंपलेल्या कोठारात. हवा कोंडल्यामुळे किडा जगत नसे, पण माणसालाही ती हवा घातक. म्हणून पेव उघडलं की काही वेळ तसंच ठेवत, आत कंदील सोडून बघत आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरे. आपल्याकडे पत्र्याची कोठी असते. तिच्यात तळाला आणि मधेमधे सुकवलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि झाकण घट्ट लावा.

दळण थोडं थोडं न्या, आठ-दहा दिवसांपुरतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरते. गव्हासारखा चिवटपणा ज्वारीत मुळातच नाही. म्हणून पिठात उकळतं आधण घालायचं, त्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि गोळा एकसंध होतो. मळताना तळव्याच्या टाचेने रगडा. परातीत थापताना हाताला भाकरी फिरताना जाणवेल. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची, मग आरावर किंवा जाळावर शेकायची. ती टम्म फुगते तेव्हा आतली वाफ दोन पापुद्रे वेगळे करते. पहिला घास कशाशीही न लावता, नुसता खा. बाजारात दाताखाली आलेली पुसट गोडी आता ठळक लागेल.

पेरणीआधी

ह्या सगळ्या चालण्यातून एक साधी गोष्ट हाती लागते. आपण ज्वारी मार्चमध्ये विकत घेतो आणि समजतो की निवड आपण केली. खरी निवड सहा महिने आधी, पेरणीच्या तोंडावर, दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. आपण दाण्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी ते पाहणं उशिराचं आहे. ज्या रानात कांदा किंवा हरभरा पडला त्या रानातली ज्वारी पारखायची संधी आपल्याला मिळतच नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणी जपून आणि वाटून त्यांनी जे काम उभं केलं त्यासाठी. त्यांच्या कामातून कळतं की बियाणं नुसतं कपाटात ठेवून टिकत नाही. ते कुणीतरी पेरावं लागतं, आणि कुणीतरी मागावंही लागतं. पेरणं शेतकऱ्याचं काम आहे. मागणं आपलं.

म्हणून यंदा वर्षाची ज्वारी भराल तेव्हा निम्मी तरी अशा माणसाकडून घ्या, जो रान कुठलं आणि वाण कोणतं हे सांगू शकतो. त्याचा नंबर लिहून घ्या. दाणा आवडला तर तसं कळवा, नाही आवडला तर तेही स्पष्ट सांगा. आणि पोळ्याच्या सुमारास, तिफण बाहेर निघायच्या आत, त्याला फोन करा: “भाऊ, पुढच्या सालाला मला दोन क्विंटल ज्वारी लागणार आहे, धरून ठेवा.” दहा घरांनी असा फोन केला तर वीस क्विंटल होतात. कोरडवाहू रानात ते चार एकरांचं पीक आहे.